५० मीटरची रायफल आणि तिचं काडतूस : निवड कशी करावी

५० मीटरवरच्या लक्ष्यातला दहाचा गोल १०.४ मिलिमीटर व्यासाचा असतो, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढा. गोळी ५.६ मिलिमीटरची, आणि ती त्या गोलाच्या कडेला नुसती चाटून गेली तरी दहा मिळतात. म्हणजे गोळीचा मध्य लक्ष्याच्या मध्यापासून ८ मिलिमीटरच्या आत पडला की दहा. हा ८ चा आकडा लक्षात ठेवा. खाली रायफलीबद्दल आणि काडतुसाबद्दल जे काही लिहिलंय, त्याचा हिशेब या आकड्याशीच आहे.

१ ऑगस्ट २०२४ ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं (तीन पवित्र्यांतून मारायच्या प्रकाराचं) ब्राँझ जिंकलं, ४५१.४ गुणांनी. या प्रकारात भारताला मिळालेलं ते पहिलं ऑलिंपिक पदक. त्याआधी २०१० मध्ये कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतने म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये (पालथं झोपून मारायच्या प्रकारात) ६०० पैकी ५९७ मारून जागतिक अजिंक्यपद आणलं होतं. पॅरिसनंतर रेंजवर येणाऱ्या पालकांची गर्दी वाढली, त्याचा मनापासून आनंद आहे. पण त्यातल्या बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो : "स्वप्निल कोणती रायफल वापरतो? तीच घेऊ या."

त्यांना मी जे सांगतो, तेच इथे सविस्तर लिहितोय. रायफल नेमबाजाच्या अंगाला बसली पाहिजे आणि काडतूस त्या रायफलीच्या नळीला. या दोन्ही गोष्टी नावावरून कळत नाहीत, तपासूनच कळतात. त्यामुळे दुसऱ्याच्या हातात सोनं झालेली रायफल तुमच्या मुलीच्या खांद्यावर ओझं होऊ शकते.

खरेदीच्या आधीचं वर्ष

१० मीटर एअर रायफलवरून पॉइंट टू-टू वर, म्हणजे .२२ इंच बोअरच्या या ५० मीटरच्या रायफलीवर, येणाऱ्याने पहिलं वर्ष तरी क्लबच्या किंवा असोसिएशनच्या रायफलीवर काढावं, असं माझं ठाम मत आहे. एअर रायफलमध्ये फक्त उभं राहून मारायचं असतं. इथे नीलिंग (गुडघा टेकून), प्रोन आणि स्टँडिंग (उभं राहून) अशा तीन पोझिशन, प्रत्येकी २० शॉट. शरीर तीन वेगवेगळ्या पद्धतींनी रायफलीला भिडतं आणि ते भिडणं स्थिरावायला वेळ लागतो. पहिल्या तीन महिन्यांत नोंदवलेली मापं वर्षाअखेरीस जवळजवळ सगळी बदललेली मी पाहिली आहेत. वाढीच्या वयातल्या मुलांची तर नक्कीच.

हे वर्ष कागदपत्रांसाठीही लागतं. २० ज्यूलपेक्षा कमी ताकदीच्या ४.५ मिलिमीटर एअर रायफलला परवाना लागत नाही, पॉइंट टू-टू ला मात्र लागतो. शस्त्र कायदा १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ यांखाली जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा, पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरात आयुक्तांकडे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला दोनच शस्त्रं ठेवता येतात. स्पर्धा खेळणाऱ्यांना शस्त्रांच्या आणि काडतुसांच्या संख्येत जी सवलत आहे, ती तुमच्या दर्जावर ठरते आणि तो दर्जा स्पर्धांतल्या स्कोअरवर. म्हणून जिल्हा आणि राज्य असोसिएशनचं सदस्यत्व, राज्य स्पर्धा, मग मावळणकर स्पर्धा, ही वाट आधी धरा. लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळणकर यांच्या पुढाकाराने १९५१ मध्ये राष्ट्रीय रायफल असोसिएशन उभी राहिली. त्यांचं मूळ घराणं रत्नागिरी जिल्ह्यातल्या मावळंग्याचं. देशभरातली मुलं ज्या स्पर्धेतून राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत पोचतात, तिला एका कोकणी घराण्याचं नाव आहे, हे आपल्याकडच्या किती जणांना ठाऊक आहे?

प्रत्येक स्पर्धेचं प्रमाणपत्र आणि स्कोअरशीट एका फाइलमध्ये जपून ठेवा. परवान्याच्या वेळी तीच फाइल कामी येते.

रायफल अंगाला बसते का?

आधी डोळा. दोन्ही तळहातांचा त्रिकोण करून त्यातून लांबचा दिवा बघा, मग आळीपाळीने एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याने दिवा त्रिकोणातच दिसत राहतो, तो तुमचा प्रमुख डोळा. उजव्या हाताच्या मुलाचा प्रमुख डोळा डावा निघाला, तर डावी रायफल घ्यायची की उजव्या रायफलीवर डाव्या डोळ्यापुढे पट्टी लावायची, हा निर्णय प्रशिक्षकासोबत बसून खरेदीच्या आधीच घ्या. डावखुऱ्यांसाठी वेगळा बोल्ट (नळी मागून बंद करणारा दांडा) आणि वेगळा स्टॉक (रायफलीचा दस्ता) मिळतो, पण तो मागवावा लागतो आणि पुढे विकताना गिऱ्हाईक सहज मिळत नाही.

मग प्रोनमध्ये झोपून बघा. जॅकेट घालून, स्लिंग (दंडाला बांधायचा पट्टा) लावून, रोज झोपता तसंच. बट प्लेट (स्टॉकचं मागचं टोक) खांद्याच्या खोबणीत, गळपट्टीच्या हाडाला लागून बसली पाहिजे. डोळे मिटा, गाल चीक पीसवर सोडून द्या, दोन श्वास घ्या आणि डोळे उघडा. डायॉप्टरच्या (डोळ्याजवळच्या साइटच्या) भोकातून फोरसाइटची (नळीच्या टोकावरच्या साइटची) रिंग मधोमध दिसली तर चीक पीसची उंची बरोबर. मान ताणावी लागली, गाल दाबावा लागला किंवा कपाळ पुढे आणावं लागलं, तर काहीतरी चुकतंय. ते स्टॉकच्या स्क्रूने सुधारता येतं का, हा खरेदीच्या वेळचा खरा प्रश्न. काही जुन्या लाकडी स्टॉकमध्ये चीक पीस वरखाली होतो, पण आडवा सरकत नाही. रुंद चेहऱ्याच्या मुलाची त्यावर कायम ओढाताण होते.

तीन पोझिशनला बट प्लेटची उंची, लांबी आणि हँडस्टॉपची (पुढच्या हाताला अडवणाऱ्या खुंटाची) जागा तीन वेगवेगळी लागते, आणि स्पर्धेत पोझिशन बदलायला मिळणारा वेळ एकूण वेळेतूनच जातो. म्हणून बदल झटपट करता येतील असा स्टॉक बघा आणि प्रत्येक सरकत्या भागावर आकडे कोरलेले आहेत का तेही बघा. नसतील तर पांढऱ्या पेंटच्या बारीक रेघा स्वतः मारा. आमच्याकडच्या एका मुलाने तीन रंगांच्या रेघा मारल्या आहेत : नीलिंगला लाल, प्रोनला निळी, स्टँडिंगला हिरवी. घाईत त्याचा हात कधी चुकत नाही.

वजनाबद्दल. पूर्ण सजवलेली रायफल साडेसहा-सात किलोंच्या घरात जाते. नियमात वजनाला वरची मर्यादा आहे, ती तुमच्या गटासाठी किती हे चालू नियमपुस्तकात बघून घ्या. जड रायफल स्थिर वाटते हे खरं, पण चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीला स्टँडिंगच्या दहाव्या शॉटपर्यंत ती स्थिर वाटते आणि पंधराव्याला कमरेतून कळ यायला लागते. वाढत्या वयात हलकी नळी असलेली रायफल घ्या आणि वजनाच्या चकत्या हळूहळू वाढवा. चकती केव्हाही लावता येते, जाड नळी मात्र कापून हलकी करता येत नाही.

अॲल्युमिनियम की लाकूड? अॲल्युमिनियमच्या स्टॉकवर मापं बारकाईने जमवता येतात आणि पावसाळ्यात तो फुगत नाही. लाकूड गालाला उबदार लागतं आणि चांगल्या लाकडी स्टॉकवर आजही उत्तम स्कोअर होतात. इथे हाताला आणि गालाला जे पटेल ते घ्यावं.

नळी, ट्रिगर, साइट

साधारण ६५ ते ६९ सेंटिमीटरची नळी आणि सोळा-साडेसोळा इंचांत एक वळसा घेणारे आटे (नळीच्या आतल्या पिळदार खाचा), ही पॉइंट टू-टू च्या मॅच रायफलीची रुळलेली रचना. त्यात फार डोकं खपवू नका. नळीबद्दल खरं महत्त्वाचं आहे ते तोंडाचं टोक आणि चेंबर (काडतूस बसतं ती जागा). गोळी बाहेर पडताना तिला शेवटचा स्पर्श होतो तो टोकाच्या कडेचा. तिथे एका बाजूला ओरखडा असला तर मागचे वायू त्या बाजूने आधी निसटतात आणि गोळीला ढकलतात.

ट्रिगर टू-स्टेज असावा : पहिला टप्पा सैल, मग स्पष्ट अडणारी भिंत, आणि भिंतीपलीकडे सरपट न जाता सुटणारा. ५० मीटर रायफलला ट्रिगरच्या किमान वजनाची अट नाही. पण नवख्याने फार हलका ठेवू नये. शंभर-दीडशे ग्रॅमवर बोटाला भिंत जाणवते आणि चुकून सुटत नाही.

साइटवर मात्र हात आखडू नका. डायॉप्टरचा प्रत्येक क्लिक सारखाच सरकला पाहिजे. तपासायचा सोपा उपाय : पाच शॉट मारा, दहा क्लिक उजवीकडे, पाच शॉट, दहा क्लिक वर, पाच शॉट, मग तसेच डावीकडे आणि खाली येऊन शेवटचे पाच. शेवटचा ग्रुप, म्हणजे भोकांचा पुंजका, पहिल्यावरच पडला पाहिजे. पडला नाही तर साइटमध्ये ढिलाई आहे, आणि वाऱ्याच्या दिवशी तुम्ही दिलेला क्लिक नेमका कुठे गेला ते कधीच कळणार नाही.

ब्रँडबद्दल थोडक्यात, कारण तिथे थोडक्यात सांगण्यासारखंच आहे. जर्मनीतल्या उल्मची ॲनशुट्झ आणि वॉल्थर, ओबर्नडॉर्फची फाइनवेर्कबाउ, स्वित्झर्लंडची ब्लाइकर आणि ग्रुनिग अँड एल्मिगर. यांतल्या कुणाचीही मॅच रायफल तुमच्या आमच्या हातापेक्षा जास्त अचूक असते. आपल्याकडे ॲनशुट्झचे जुने मॉडेल जास्त आहेत, त्यामुळे सुटे भाग आणि ते बसवणारा माणूस मिळणं सोपं जातं. माझ्या लेखी हा मोठा मुद्दा आहे. फायरिंग पिनची (काडतुसावर आपटणाऱ्या टोचणीची) स्प्रिंग राज्य स्पर्धेच्या आठ दिवस आधी तुटली तर स्वित्झर्लंडहून येईपर्यंत थांबता येत नाही.

जुनी रायफल घेताना

बहुतेकांची पहिली रायफल वापरलेलीच असते, आणि त्यात गैर काही नाही. पॉइंट टू-टू ची शिशाची गोळी मऊ, दाब कमी, त्यामुळे सांभाळून वापरलेली नळी कित्येक वर्षांचा सराव सहज झेलते. बिघडते ती गंजाने आणि चुकीच्या साफसफाईने.

हाताने तपासा. रॉडला घट्ट बसेल असा सुती तुकडा लावून नळीच्या मागच्या बाजूने सावकाश ढकला. सुरुवातीपासून शेवटपर्यंत हाताला एकसारखा जोर लागला पाहिजे. मध्येच सैल पडून पुन्हा घट्ट झालं तर तिथे नळी झिजली आहे किंवा गंजाने खाल्ली आहे. तोंडाकडे किंचित घट्ट होत गेलं तर उत्तम. मग चेंबरच्या पुढे, आटे सुरू होतात तिथे, छोटा टॉर्च टाकून बघा. जळलेल्या काजळीचं काळं कडक कडं दिसलं तर घाबरू नका, ते सॉल्व्हंटने आणि धीराने निघतं. पण विकणाऱ्याने कशी निगा राखली आहे ते त्यातून कळतं.

त्यानंतर पाच शॉट मारून रिकाम्या केसेस (काडतुसांची कवचं) शेजारी शेजारी मांडा. कडेवरचा पिनचा ठसा पाचही केसेसवर एकाच जागी, एकाच खोलीचा असावा. दोन ठसे खोल आणि तीन उथळ असतील तर स्प्रिंग थकली आहे. हे इतकं महत्त्वाचं का, ते पुढच्या भागात येतं.

आणि कागद. बोल्टवरचा नंबर आणि रायफलीवरचा नंबर एकच आहे का, विकणाऱ्याच्या परवान्यावर हीच रायफल चढवलेली आहे का, ते आधी बघा. व्यवहार परवानाधारकांमध्येच आणि नोंदणीसहच. "आत्ता घेऊन जा, कागद मागाहून करू" असं कुणी म्हणालं तर तिथून निघा.

काडतूस आतून

पॉइंट टू-टू लाँग रायफलच्या काडतुसाला मागे वेगळी टोपी नसते. पेट घेणारं मिश्रण तळाच्या पोकळ कडेत फिरवून बसवलेलं असतं. पिन त्या कडेवर आपटते, कड चेपते, ठिणगी पडते. मिश्रण कडेत सगळीकडे सारखं पसरलेलं नसेल किंवा पिनचा घाव कमीजास्त बसला, तर दारू प्रत्येक वेळी थोडी वेगळी पेटते आणि गोळीचा वेग बदलतो.

मोठ्या बोअरचे नेमबाज दारू तोलून स्वतः काडतूस भरतात. इथे ती सोय नाही. कारखान्यातून आलं ते आलं. तुमच्या हातात फक्त निवड आहे.

वेग बदलला तर काय होतं, हिशेब करून बघा. ४० ग्रेनची, म्हणजे २.६ ग्रॅमची मॅच गोळी सेकंदाला सुमारे ३२७ मीटर वेगाने निघते आणि ५० मीटर जायला साधारण ०.१६ सेकंद घेते. तेवढ्या वेळात गुरुत्वाकर्षण तिला साडेबारा सेंटिमीटर खाली ओढतं, ते आपण साइटने भरून काढलेलं असतं. आता तीच गोळी १० मीटर कमी वेगाने निघाली तर ती जवळजवळ ८ मिलिमीटर आणखी खाली पडते. तेच ८ मिलिमीटर. तुमचं ट्रिगर, श्वास, साइट सगळं अचूक असूनही दहाच्या उंबरठ्यावरून शॉट खाली घसरला, आणि तुम्ही रात्रभर डोकं धरून बसलात की माझं काय चुकलं.

मग वेगवान काडतूस का घेऊ नये? डब्यावर 'हाय व्हेलॉसिटी' बघून पुष्कळ जण फसतात. आवाजाचा वेग १५ अंशांना सेकंदाला ३४० मीटर असतो. त्याहून जोरात निघालेली गोळी लक्ष्यापर्यंत जाताना आवाजाच्या वेगाखाली उतरते, त्या टप्प्यावर हवेचा विरोध एकदम वाढलेला असतो आणि गोळी डळमळते. वारा गोळीला किती सरकवतो हे ती वाटेत किती मंदावली यावर ठरतं. त्यामुळे पॉइंट टू-टू मध्ये वेगवान गोळीच वाऱ्याला जास्त बळी पडते. मॅचची सगळी काडतुसं ३२५ ते ३३० च्या आसपास ठेवलेली असतात ती याचसाठी. त्या वेगाला सेकंदाला १ मीटरचा आडवा वारा गोळीला सहा-सात मिलिमीटर ढकलतो. झाडाचं पान जेमतेम हलवणारी ही झुळूक. संध्याकाळी पुण्याच्या बालेवाडी रेंजवर मारलेल्यांना ती चांगलीच ओळखीची असेल.

आता नावं. इंग्लंडची एली : टेनेक्स सगळ्यात वर, मग मॅच, टीम, क्लब. जर्मनीच्या शोनेबेकमध्ये तयार होणारी लापुआ, त्यात एक्स-अॅक्ट, मिडास प्लस, सेंटर-एक्स, आणि त्याच कारखान्याची एसके, तिचं स्टँडर्ड प्लस आणि रायफल मॅच. जर्मनीचीच आरडब्ल्यूएस, तिचं आर ५० आणि आर १००. दर्जा वाढतो तसा दोन शॉटमधला फरक कमी होतो आणि किंमत चढते.

सरावाला एसके स्टँडर्ड प्लस किंवा एली क्लब पुरेसं आहे, विशेषतः पहिली दोन वर्षं. स्पर्धेसाठी मात्र एक पायरी वरचं, तुमच्या नळीवर तपासलेलं. दिवसाला ८० शॉट आणि वर्षात २०० दिवस सराव धरला तर १६,००० काडतुसं होतात. चार-पाच वर्षांत काडतुसांचा खर्च रायफलीच्या खर्चाला मागे टाकतो. म्हणून बजेट आखताना सगळे पैसे रायफलीत घालून मग काडतुसांसाठी तळमळत बसू नका. थोडी जुनी रायफल आणि भरपूर चांगली काडतुसं, हे मला नेहमी जास्त शहाणपणाचं वाटलं आहे.

लॉट : खरी निवड इथे

डब्यावर नावाखेरीज एक नंबर असतो. तो लॉटचा. एकाच यंत्रावर, एकाच दारूने, एकाच मिश्रणाने सलग निघालेली ती काडतुसं. एली तर त्या लॉटचा मोजलेला वेगही डब्यावर छापते. एकाच नावाचे दोन लॉट एका नळीतून दोन वेगळ्या काडतुसांसारखे वागतात, आणि एका नळीला आवडलेला लॉट शेजारच्या तशाच नळीला आवडेल याची हमी नसते.

आमच्या क्लबातल्या एका मुलीचा स्कोअर दोन महिने अडकला होता. ५७४, ५७६, ५७३. प्रोनमध्ये दर दहा शॉटना एखादा नऊ, तोही नेहमी सहाच्या दिशेने, म्हणजे सरळ खाली. तिची पोझिशन बघितली, ट्रिगर बघितला, जॅकेट बदललं. शेवटी तिचे डबे हातात घेतले. नाव एकच, पण नंबर दोन. जुन्या लॉटचे चार डबे तळाशी उरलेले, बाकी सगळा नवा. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला, वारा नसताना, दोन्ही लॉटचे ४०-४० शॉट मारले. जुन्याचे दहा-दहाचे चारही ग्रुप मध्य ते मध्य १३ ते १६ मिलिमीटर. नव्याचे १९, २४, १८ आणि २३, आणि प्रत्येक ग्रुपमध्ये एक शॉट बाकीच्यांपासून सुटून खाली. ती मुलगी मॉनिटरकडे बघत नुसती उभी राहिली. दोन महिने ती स्वतःलाच दोष देत होती.

चाचणी कशी घ्यायची ते नीट सांगतो.

तीन-चार नावांचे मिळून पाच-सहा लॉट घ्या, प्रत्येकाचा एकेक डबा, म्हणजे ५० काडतुसं. पहिले दहा मोजायचे नाहीत. प्रत्येक कंपनी गोळीला लावते ते मेण वेगळं असतं आणि नळीत आधीच्या मेणाचा थर असतो. नवं मेण बसेपर्यंत ग्रुप भटकतो. एका नावावरून दुसऱ्यावर जाताना नळीतून दोन-तीन सुके तुकडे फिरवून मग हे दहा मारा.

उरलेल्या ४० चे दहा-दहाचे चार ग्रुप. पाच-पाचचे मारू नका. पाच शॉटचा ग्रुप नशिबानेही छोटा पडतो आणि माणूस हुरळून जातो. सगळे ग्रुप एकामागून एक एकाच लॉटचे न मारता आलटूनपालटून मारा, म्हणजे तुमचा थकवा आणि वाऱ्याचा बदल सगळ्यांच्या वाट्याला सारखा येईल. शक्य असेल तर कोणता लॉट चालू आहे हे मारणाऱ्याला कळू देऊ नका. सोबत्याने बिनछापाच्या ट्रेमध्ये काढून द्यावेत. टेनेक्स म्हटलं की हात आपोआप जास्त काळजी घेतो, हे मी स्वतःच्या बाबतीत अनुभवलं आहे.

परदेशातल्या कारखान्यांच्या चाचणी केंद्रांत नळी शिकंजात पकडून मारतात. आपल्याकडे ती सोय सहसा मिळत नाही. टेबलावर पुढे-मागे वाळूच्या पिशव्या ठेवून मारलं तरी चालतं. प्रोन पक्की असलेल्याने स्लिंग लावूनही चालेल. स्लिंगवर मारताना एक गोष्ट ध्यानात ठेवा : तुमची स्वतःची हालचाल त्यात मिसळलेली असते आणि ती सरळ बेरजेने मिसळत नाही. हात १४ मिलिमीटरचा ग्रुप धरू शकतो आणि लॉटही १४ चा असेल, तर एकत्र साधारण २० दिसेल. लॉट २० चा असेल तर २४ च्या पुढे. फरक लहान दिसतो, पण दहाच्या १६ मिलिमीटरच्या वर्तुळात तो स्पष्ट बोलतो.

निकाल वाचताना सर्वात छोट्या ग्रुपला भुलू नका. चारही ग्रुप एकावर एक ठेवा आणि ४० शॉटचा घेर बघा. वाईटातला वाईट ग्रुप कितीचा आहे ते बघा. सुटलेला शॉट "माझाच चुकला असेल" म्हणून वगळायचा नाही, मारताना त्याच क्षणी तुम्ही तो चुकला असं मोठ्याने म्हटलं नसेल तर. माझी पसंती १४, १५, १५, १६ ला, ११, १३, १९, १४ ला नाही. स्पर्धेत ६० शॉट असतात आणि तो १९ कधी निघेल ते आधी कळत नाही.

हवामान जुळवा. मे महिन्यात नागपुरात तपासलेला लॉट डिसेंबरच्या सकाळी दिल्लीच्या तुघलकाबाद रेंजवर वेगळा वागू शकतो. थंडीत मेण कडक होतं, वेग उतरतो, ग्रुप खाली सरकतो आणि कधी पसरतोही. महत्त्वाची स्पर्धा थंडीत असेल तर निदान पहाटेच्या गारव्यात एकदा तपासा. आणि उन्हाळ्यात डबा उन्हात उघडा ठेवू नका. सावलीत, कापडाखाली ठेवा.

५० मीटरच्या पुढे

३०० मीटरचा प्रकार नागरी नेमबाजाला आपल्याकडे क्वचितच हाती येतो. तो मुख्यतः सेनादलांच्या रेंजवर चालतो. तिथे दहाचा गोल १०० मिलिमीटरचा आणि बोअर (नळीचा आतला व्यास) ८ मिलिमीटरपर्यंत चालतं. जगभर सहा मिलिमीटर बीआर नॉर्मा हे काडतूस लोकप्रिय आहे, कारण धक्का कमी बसतो आणि ६० शॉटनंतरही खांदा ताजा राहतो. लापुआने २००५ मध्ये ६.५ बाय ४७ हे काडतूस स्विस ग्रुनिग अँड एल्मिगरच्या साथीने याच अंतरासाठी आणलं.

अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये राहणारे मराठी नेमबाज कधी कधी हजार यार्डांबद्दल विचारतात. त्यांनी काडतूस निवडण्याआधी आपण कोणत्या प्रकारात उतरणार ते ठरवावं. एफ-क्लासच्या (लांब अंतराच्या नेमबाजीच्या एका प्रकाराच्या) टीआर गटात .२२३ आणि .३०८ ही दोनच काडतुसं चालतात, इंग्लंडमधल्या बिस्ली रेंजच्या टार्गेट रायफलीचीही परंपरा .३०८ ची. तिथे निवड नियमानेच झालेली असते. मोकळीक असलेल्या गटात ६.५ क्रीडमूर घ्यावं असं मी म्हणेन. १७५ ग्रेनची .३०८ हजार यार्डांवर आवाजाच्या वेगाच्या आसपास येऊन ठेपते, तर १४० ग्रेनची ६.५ तिथेही सेकंदाला ४४० मीटरच्या आसपास असते आणि वारा तिला बराच कमी सरकवतो. मोबदला नळीने द्यावा लागतो : .३०८ ची नळी साधारण पाच हजार शॉट चालते, ६.५ ची दोन ते तीन हजार. जी गोळी घ्याल तिच्या लांबीला नळीचे आटे पुरतात का ते मात्र आधी बघा. लांब गोळीला घट्ट वळसा लागतो, ६.५ मध्ये आठ इंचांत एक.

लॉट ठरल्यावर

चाचणीत जिंकलेला लॉट त्याच आठवड्यात मागवा. दुकानदाराला लॉटचा नंबर लिहून द्या आणि माल आला की प्रत्येक विटेवरचा (डब्यांच्या गठ्ठ्यावरचा) नंबर स्वतः वाचून घ्या. परवान्यावर जेवढी मुभा आहे आणि खिशाला जेवढं झेपेल, तेवढा एकदम. तोच लॉट दोन महिन्यांनी मिळेलच असं नाही.

डबे हवाबंद प्लास्टिकच्या पेटीत, सिलिका जेलच्या पुड्यांसह, कुलपात. कोकणात आणि मुंबईत राहणाऱ्यांनी पावसाळ्यात पुड्या दर पंधरा दिवसांनी वाळवाव्यात. रायफल कव्हरमध्ये ओली राहू देऊ नका. रेंजवरून आलात की गालाचा घाम लागतो तो चीक पीसचा स्क्रू, बोल्ट आणि नळीचा बाहेरचा भाग तेलाच्या फडक्याने पुसून काढा. नळीतलं तेल मात्र दुसऱ्या दिवशी पहिल्या शॉटआधी सुक्या तुकड्याने निपटायचं.

वहीत तीन रकाने आखा : तारीख, लॉट, त्या दिवशी मारलेले शॉट. स्पर्धेच्या लॉटमधले दोन हजार उरले की पुढच्या लॉटची चाचणी लावा. जुन्यातला एक डबा तुलनेसाठी बाजूला काढा आणि त्यावर मार्करने तारीख टाका.